दोन आवाजांतले दुःख : मित्रास पत्र

वडगाव, बेळगाव
आषाढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मिळाले. अप्पा गेल्यापासून एकही गाणे पुरे ऐकवत नाही, आनंदाचे लागले तर चीड येते, दुःखाचे लागले तर गाणारा आव आणतो आहे असे वाटते, आणि अप्पांच्या आवडीची भजने तर पहिल्या ओळीलाच बंद करावी लागतात, असे तू लिहिले आहेस. शाळेत असल्यापासून आपण जे काही ऐकले ते एकमेकांना सांगत ऐकले, त्यामुळे तुझ्या घरात गाणे बंद आहे ही गोष्ट माझ्या जिवाला लागली. म्हणून इकडची खुशाली चार शब्दांत आटोपतो. पाऊस वेळेवर आला, शिवारात रोप लागण उरकली, काकूंची प्रकृती ठीक आहे. बाकीचे सगळे पत्र मी एका बँडसाठी राखून ठेवले आहे, कारण गेले काही महिने मी त्याच्याच संगतीत आहे आणि ती संगत तुलाही लाभावी असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या काठी डुलूथ नावाचे बंदराचे शहर आहे. बॉब डिलन यांचा जन्म १९४१ साली तिथे झाला, एवढ्यापुरते ते नाव तुझ्या कानावरून गेले असेल. त्या शहरात १९९३ साली ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर या नवरा-बायकोने एक बँड काढला आणि त्याला ‘लो’ असे नाव ठेवले. बेस गिटार वाजवणारे साथीदार अधूनमधून बदलत गेले, ही दोघे मात्र शेवटपर्यंत टिकून राहिली. दोघे एकाच लहान गावात वाढलेली, प्राथमिक शाळेपासूनची ओळख, पुढे लग्न, मुले, आणि जवळजवळ तीस वर्षे एकत्र गाणे. माझा भाचा खानापूरहून परत येताना गाडीत हे लावून बसला होता. त्याला थांबवून मी नाव विचारले आणि त्या रात्रीपासून एकामागून एक त्यांचे अल्बम ऐकत गेलो.

ज्या काळात त्यांनी सुरुवात केली तो काळ ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडचा, म्हणजे गिटारी शक्य तितक्या कर्कश वाजवण्याचा होता. त्या गदारोळात ही मंडळी अतिशय संथ, अतिशय हळू आणि मोजक्या सुरांत गाऊ लागली. रॉक संगीताच्या अपेक्षेने आलेले श्रोते कंटाळून गप्पा मारू लागले, तर आपला आवाज वाढवण्याऐवजी ही मंडळी तो आणखी खाली आणत, ही गोष्ट मला फार आवडली. समीक्षकांनी या संथपणाला ‘स्लोकोर’ असे लेबल लावले. ते या मंडळींना कधी रुचले नाही आणि मलाही ते अपुरे वाटते, कारण नुसता वेग कमी केल्याने गाण्याला असे वजन येत नाही.

मिमी ढोल वाजवत असे, पण त्या ढोलाचे चित्र तुझ्या मनात उभे राहील तसे ते नाही. रॉक बँडमध्ये वादक ज्या ढोलांच्या आणि झांजांच्या गराड्यात बसलेला असतो, तो गराडा तिच्याभोवती नव्हता. एक-दोन ढोल, एक झांज, हातात बहुतेक वेळा काठ्यांऐवजी ब्रश, आणि वाजवायचे ते उभे राहून. ब्रश कातड्यावर टेकतो तेव्हा ठोका ऐकू येण्याआधी एक खसखस ऐकू येते, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा असते की पुढचा ठोका येणार की नाही अशी शंका यावी. आपल्या गल्लीत दिवसा हे ऐकणे अशक्य आहे, हे तुला सांगायला नको. शेजारचे यंत्रमाग सकाळी सुरू होतात ते धोट्याच्या खडखडाटात सगळे बारीक आवाज गिळून टाकतात. माग बंद झाले, गल्लीतली शेवटची मोटारसायकल घरी गेली आणि पत्र्यावर पाऊस नसला, की मगच ती खसखस कानाला लागते. त्यामुळे ही गाणी ऐकायची वेळ माझी मी ठरवलेली नाही, ती वडगावनेच ठरवून दिलेली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, ती म्हणजे दोन आवाजांची. युगलगीत म्हटले की तुझ्या-माझ्या कानात जे येते ते प्रश्नोत्तरांचे गाणे असते. मराठी, हिंदी किंवा कन्नड सिनेमात त्याने एक ओळ म्हणायची, तिने लाजून किंवा रुसून दुसरी म्हणायची, आणि ध्रुपदाला दोघांनी एक व्हायचे; विरहाचे गाणे असले तरी दोघे दोन ठिकाणी उभे राहून एकमेकांना उद्देशून गात असतात. ‘लो’च्या गाण्यांत हे जवळजवळ नाही. ॲलन आणि मिमी एकमेकांशी बोलत नाहीत. दोघे एकाच वेळी, एकच शब्द, एकाच संथ लयीत उच्चारतात, पण वेगवेगळ्या सुरांवर. आपल्या भाषेत सांगायचे तर एक जण षड्जावर असेल तेव्हा दुसरा गंधारावर किंवा पंचमावर असतो, आणि ओळ पुढे सरकते तसे दोन्ही सूर आपापसांतले अंतर राखून सरकतात. पाश्चात्त्य संगीतात याला हार्मनी म्हणतात आणि त्यात नवे काही नाही. पण इतर ठिकाणी ती गाण्यावर चढवलेल्या दागिन्यासारखी येते. इथे ती काढून घेतली तर गाणेच उरत नाही, कारण गिटार आणि ढोल मिळून इतके थोडे वाजतात की घर उभे आहे ते या दोन आवाजांवरच. ॲलनचा आवाज किंचित अस्वस्थ, कडेला फाटेल की काय असा. मिमीचा आवाज सरळ, स्वच्छ, त्यात कंप अगदी नाममात्र, आणि दुःखाच्या शब्दावरसुद्धा ती जराही जोर देत नाही. गाणारा आव आणतो असे तुला ज्या गाण्यांत वाटते, तिथे बहुधा शब्दावर दिलेला तो जोरच तुला खटकत असावा. तो इथे सापडणार नाही, याची मी हमी देतो.

हे ऐकताना मला सारखी आठवण येते ती जात्यावर बसलेल्या दोन बायकांची. माझी आजी आणि चुलत आजी पहाटे समोरासमोर बसत, दोघींचा एकेक हात एकाच खुंट्यावर असे, आणि एकीने ओवीची पहिली ओळ काढली की दुसरी ती उचलत असे. त्या ओव्यांत माहेर असे, भाऊ असे, लहानपणी गेलेले मूल असे. पण ओवी उचलणारी कधी ‘असू दे गं, रडू नको’ असे म्हणाली नाही. ती तेच शब्द आपल्या आवाजात पुन्हा म्हणायची, आणि तेवढ्यात जाते एक फेरा पुरा करायचे. आजीच्या पिढीतल्या बायकांना सांत्वन करायला वेळ नव्हता असे मी पूर्वी समजत असे. आता मला वाटते की त्यांना सांत्वनाचा याहून चांगला प्रकार ठाऊक होता.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि अप्पांच्या दिवसांत तू ते स्वतः भोगलेले आहेस. त्या तेरा दिवसांत ओट्यावर येऊन बसलेल्या प्रत्येकाने काही ना काही सांगितले. वय झाले होते, हाल झाले नाहीत, सोन्यासारखा गेला माणूस, आता आईकडे बघायला हवे. एकही वाक्य खोटे नव्हते, सगळी माणसे मायेची होती, तरी प्रत्येक वाक्यागणिक तू थोडा मागे सरकत होतास, हे मी भिंतीला टेकून बसल्या ठिकाणावरून पाहत होतो. सांत्वन करणारा दुःखाच्या बाहेर उभा राहून आपल्याला हात देतो, आणि तो हात धरायचा तर दुःख सोडून बाहेर यावे लागते. ती तयारी त्या दिवसांत कोणाचीच नसते. ‘लो’च्या गाण्यात दुसरा आवाज बाहेरून येत नाही. तो शेजारी येऊन उभा राहतो, तोच शब्द घेतो, फक्त दुसऱ्या सुरावर, म्हणजे पहिल्याच्या दुःखाची जागा न बळकावता. उदास युगलगीत ऐकून माणसाला बरे का वाटते याचे मला पटलेले उत्तर हे आहे. एकट्याने गायलेले दुःखाचे गाणे कितीही थोर असले तरी ते ऐकताना आपण श्रोते असतो. दोघांनी गायलेल्यात मात्र दुःखाला सोबत मिळते ती आपल्या डोळ्यांसमोर मिळते, आणि त्या दोघांच्या ओळीत तिसऱ्यालाही उभे राहण्यापुरती जागा असते.

बर्लिनच्या विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उदास संगीत ऐकणाऱ्या ७७२ लोकांना त्यांच्या भावना विचारल्या होत्या, तेव्हा सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर दुःख हे नव्हते, तर गेलेल्या दिवसांची ओढ हे होते. हे अनेकांच्या बाबतीत खरे असेल. तुझ्या बाबतीत मात्र तीच अडचण आहे, असे मला वाटते. कुमार गंधर्व आणि वसुंधराताई यांनी एकत्र गायलेली भजने अप्पांना किती प्रिय होती हे आपल्या दोघांना माहीत आहे. कुमारजी १९२४ साली इथे सुळेभावीत जन्मले, याचा अप्पांना घरच्या माणसासारखा अभिमान होता. आपल्या परंपरेत दोन आवाजांचे मला दिसलेले सर्वांत मोठे काम त्याच भजनांत आहे, आणि आज ना उद्या तू त्यांच्याकडे परत जाशील याविषयी मला शंका नाही. पण आज त्यांतल्या प्रत्येक तानेच्या मागे अप्पा बसलेले आहेत, ओट्यावर डोळे मिटून, मांडीवर हलका ताल धरून. डुलूथच्या या गाण्यांमागे तुझ्या ओळखीचे कोणीही बसलेले नाही. ती तुझ्या घरात कधी वाजलेली नाहीत. परक्या गाण्याचा हा उपयोग मला या वर्षीच कळला.

सुरुवात १९९४ च्या पहिल्या अल्बमपासून कर. ‘आय कुड लिव्ह इन होप’ असे त्याचे नाव आहे आणि त्यात अकरा गाणी आहेत. प्रत्येक गाण्याचे नाव एकाच शब्दाचे. त्यातले अंगाईचे गाणे दहा मिनिटांच्या जवळ जाते, त्याची घाई करू नकोस. शेवटचे गाणे म्हणजे अमेरिकेत पोराटोरांना पाठ असलेले एक जुने लोकप्रिय गीत आहे. तू माझा सूर्यप्रकाश आहेस, असे त्याचे ध्रुपद, आणि लोक ते टाळ्या वाजवत आनंदाने म्हणतात. या दोघांनी ते इतके सावकाश म्हटले आहे की प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो, आणि मग लक्षात येते की हा माणूस आनंदाने नाचत नाही, माझा उजेड माझ्यापासून नेऊ नका अशी गयावया करतो आहे. शब्द सगळ्यांच्या तोंडी होते, पण ते ऐकायला कोणी थांबले नव्हते. मला हा प्रकार फार मोठा वाटला.

नंतर २००१ चा अल्बम ऐक. त्यातल्या शेवटच्या गाण्यात आई आपल्या वाढत जाणाऱ्या बाळाविषयी गाते. तिकडे बाळाच्या पहिल्या बुटांवर धातूचा मुलामा चढवून ते जपून ठेवण्याची पद्धत आहे. तसे तुझे हे लहान शरीरच धातूत जपून ठेवता आले असते तर, असे ती म्हणते. मिमी नुकती आई झालेली होती. तिची मुलगी आता मोठी झाली आहे, आणि तिच्याविषयी मला पुढे लिहायचे आहे. शेवटच्या दोन अल्बमविषयी, म्हणजे २०१८ आणि २०२१ च्या, आधीच सावध करतो. त्यांत यंत्रांनी आवाज इतके चिरडले आहेत की पहिल्यांदा वाटते आपला फोनच बिघडला. पण त्या घरघरीतून ते दोन आवाज पूर्वीसारखेच शेजारी शेजारी वर येतात. माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी काम तेच आहे. तरी तुला ते आत्ता नको. पावसाळा संपू दे.

युगलगीत नवरा-बायकोचेच असावे लागते असे मात्र नाही. लंडनचा ‘द एक्सएक्स’ नावाचा एक बँड आहे, त्यातली गाणारी दोघे, रोमी मॅडली क्रॉफ्ट आणि ऑलिव्हर सिम, तीन वर्षांची असल्यापासूनचे दोस्त आहेत. त्यांचा पहिला अल्बम २००९ साली आला तेव्हा दोघे विशीच्या आसपास होती, आणि पुढच्या वर्षी त्याला इंग्लंडमधला मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. त्या अल्बमचे ध्वनिमुद्रण एका लहानशा गॅरेजमध्ये बहुतेक रात्रीच्या वेळी झाले होते, आणि ती रात्र गाण्यांत ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते की हे प्रेमिकांचे संवाद आहेत. प्रत्यक्षात ती दोघे एकमेकांच्या प्रेमात कधीच नव्हती. आपापल्या ओळी प्रत्येकाने स्वतः लिहायच्या, संगणकावरून एकमेकांना पाठवायच्या, आणि मग एकत्र बसवायच्या, अशी त्यांची रीत होती. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या हरवलेल्या माणसाविषयी गातो आहे, आणि मित्र शेजारी उभा राहून त्याच्या दुःखाला आपले दुःख जोडतो आहे. तुझ्या-माझ्या पत्रव्यवहाराला इतक्या जवळून ओळखणारे संगीत मी यापूर्वी ऐकले नव्हते. तरीही मन लागते ते ‘लो’मध्येच, कारण तिथे आयुष्य जास्त आहे.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मी थोडा थबकलो होतो, पण तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी गेली. तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता, वय अवघे पंचावन्न. तिच्या जाण्याबरोबर ‘लो’ संपला, आणि दुसरे काही होणे शक्यही नव्हते. मी जेव्हा ऐकायला सुरुवात केली तेव्हा मला हे माहीत नव्हते, आणि कळल्यानंतर जुनी गाणी ऐकताना एक विचार मनातून जाईना, की जन्मभर जो माणूस एका आवाजाच्या शेजारी उभा राहून गायला, तो तिच्या मागे गाणार कसा?

ॲलनने काय केले ते सांगतो. २०२४ साली त्याने स्वतःच्या नावावर एक अल्बम काढला, आणि त्यात त्याने आपला आवाज यंत्राने इतका बदलून टाकला की तो त्याचा आहे हे ओळखू येऊ नये. बारीक, उंच, माणसाचा की यंत्राचा कळत नाही असा. काही लोकांना तो अल्बम विचित्र वाटला. मला तो पूर्णपणे समजला. शेजारचा आवाज नाहीसा झाल्यावर आपल्या स्वतःच्या आवाजात गाणे त्याला सहन झाले नसणार, असे मी मानतो. तूही फोनवर हल्ली जे बोलतोस ते तुझ्या आवाजात बोलत नाहीस, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पुढच्या वर्षी, २०२५ साली, त्याचा आणखी एक अल्बम आला, तो डुलूथमधल्याच ‘ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स’ नावाच्या बँडबरोबर. ते त्याचे जुने मित्र, गावाकडच्या तंतुवाद्यांवर वाजवणारे. त्यांच्या फिडल आणि बँजोच्या मध्ये उभा राहून ॲलन पुन्हा आपल्या मूळ आवाजात गायला आहे. त्यातल्या एका गाण्यात त्याच्या शेजारी त्याची मुलगी हॉलिस गाते. धातूत जपून ठेवावे असे जिच्या आईला वाटले होते, तीच ही मुलगी. तिचा आवाज आईचा नाही, आणि तो आईसारखा वाटावा असा खटाटोप तिने केलेला नाही. ती वडिलांच्या शेजारी आपल्या सुरावर उभी राहते, एवढेच. मी ते गाणे अनेकदा ऐकले, आणि प्रत्येक वेळी मला बरे वाटले.

काकूंकडे मी दर शनिवारी जातो. अप्पा मागावर आणि काकू कांड्या भरायला, हे चित्र चाळीस वर्षांचे आहे, ते त्यांच्या हातांतून एवढ्यात जाणार नाही. माग विकला तरी कांड्यांची टोपली त्यांनी माजघरात ठेवली आहे. आईशी फोनवर काय बोलावे हे सुचत नाही, असे तू लिहिलेस. मला वाटते, धीर देण्याचे काम आम्हा बाकीच्यांकडे राहू दे. त्यांनी अप्पांची एखादी गोष्ट काढली तर तू तीच गोष्ट तुझ्याकडून सांग. त्यांनी अप्पांचा चहा किती गोड असायचा म्हटले, तर तूही त्या चहाविषयीच बोल. काकू हल्ली त्याच त्या गोष्टी पुन्हा काढतात, आणि मी प्रत्येक वेळी माझ्या आठवणीतला एखादा तपशील त्यात घालतो. त्या वेळी त्यांचा चेहरा सैल होतो, हे मी पाहिले आहे.

भाच्याला सांगून मी या सगळ्या गाण्यांची यादी, ज्या क्रमाने ऐकावी त्या क्रमाने, तुझ्या फोनवर पाठवतो आहे. पहिल्या दिवशी दोनच गाणी ऐक. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी अडू नकोस, मलाही ते हळूहळूच लागले. न आवडली तर तसे स्पष्ट कळव, पण कोणत्या ठिकाणी बंद केलीस तेही कळव, कारण त्यावरून पुढे काय पाठवायचे ते मी ठरवीन. गणपतीला येशील तेव्हा चार दिवस जास्तीची रजा काढ, आणि रेल्वेने येणार असलास तर स्टेशनवर घ्यायला मी येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहतो.

तुझा,
वडगावचा मित्र